जसंच्या तसं

चष्म्याच्या त्या दुकानात दोन भाऊ काम करायचे आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. गिऱ्हाइकांना हे कधी कळलं नाही, कारण दोघांच्या मध्ये ताई बसायची.

पुढच्या खोलीत दादा डोळे तपासायचा. मागच्या खोलीत धाकटा काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दोन्ही खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत, भिंतीत हातभर रुंद खिडकी, आणि खिडकीला लागून काउंटर. दादाने नंबर लिहून दिलेली चिठ्ठी आणि गिऱ्हाइकाने निवडलेली फ्रेम ताई एका लहानशा ट्रेमध्ये ठेवायची, ट्रे खिडकीतून आत सरकवायची आणि जे काही सांगायचं असेल ते यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून सांगायची. ती दादाहून लहान, धाकट्याहून मोठी. धाकट्याचं ऐकून ऐकून दादालाही तिला ताईच म्हणायची सवय लागली होती. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "दोन संसारांचं बोलणं मी एकटी बोलते, तिसरा कुठे सांभाळू?" लोक हसायचे. तीही हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

भांडण आईवरून झालं होतं. आई अचानक आजारी पडली तेव्हा धाकटा नव्या यंत्राचं काम शिकायला दुसऱ्या गावी गेला होता. दादाने त्याला दोन दिवस कळवलंच नाही. उगाच घाबरून धावत येईल, आई काय आज-उद्या बरी होईल, असा त्याचा हिशेब. आई बरी झाली नाही. धाकटा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. भरल्या घरात तो दादाला म्हणाला, "तू मला आईचं तोंड पाहू दिलं नाहीस." दादाने तोंडावर मारल्यासारखं उत्तर दिलं, "तुला आई आहे हे तुला आठवत होतं का?" बस्स. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडाला कुलूप लागलं आणि किल्ली ताईच्या गळ्यात पडली.

दुकान एक, घर एक. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर, धाकटा खाली कामाच्या खोलीमागे. ताईची झोपायची खोली वर आणि पायांचा व्यायाम जिन्यावर. "त्याला सांग" हे दोन शब्द तिने दिवसातून किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. आणि सांगताना ती कधीच जसंच्या तसं सांगायची नाही. दादा म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, फ्रेमचा स्क्रू ढिला ठेवलाय, हाताला काय लकवा भरलाय का?" ताई खिडकीशी जाऊन म्हणायची, "दादा म्हणतोय, एवढा स्क्रू जरा बघतोस का?" धाकटा म्हणायचा, "त्याला सांग, एवढी हौस असेल तर स्वतः येऊन पिळ म्हणावं." ताई वळून म्हणायची, "बघतो म्हणाला." असं अकरा वर्षं. विष इकडून निघायचं आणि तिकडे पाणी होऊन पोचायचं. मधलं सगळं ताईच्या घशात राहायचं.

पण एकदा तिने नुसतं पाणी घातलं नाही, सगळं पदरचंच घातलं. भांडणाला वर्ष झालं होतं. दोघं इतके कडवट झाले होते की दादा दुकानाची वाटणी करायचं बोलायला लागला. ताईच्या डोळ्यांसमोर पुढचं उभं राहिलं. वाटणी झाली की घर गेलं, आणि घर गेलं की ती कुठल्या भावाची बहीण राहणार? त्या दुपारी ती दादाला म्हणाली, "धाकटा काल रडला. चुकलं माझं, दादाला नको ते बोललो, म्हणाला. पण तू त्याला विचारू नकोस हं, लाजेने मरेल." आणि संध्याकाळी धाकट्याला म्हणाली, "दादाला फार लागलंय. मी त्याला कळवायलाच हवं होतं, म्हणाला. पण तू विषय काढू नकोस, कोलमडेल तो."

दोन्ही माफ्या तिने एकाच दिवशी, एकाच तोंडाने तयार केल्या. लागूही पडल्या. वाटणीचं बोलणं थांबलं, ट्रे आपटायचे बंद झाले. पण बोलणं काही सुरू होईना. का होईल? दादाला वाटायचं, चूक त्याने कबूल केली आहे, आता यायचं तर त्याने यावं. धाकट्यालाही नेमकं हेच वाटायचं. दोघं मोठ्या मनाने वाट बघत बसले. ताईला हे कळत नव्हतं असं नाही. पण आता खरं सांगायचं तर दोन्ही माफ्या परत घ्याव्या लागल्या असत्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या एवढ्याशा जागेत काउंटर टाकून ती बसली होती.

मग तिचा आवाज बसायला लागला. आधी संध्याकाळी, मग सकाळपासूनच. घशाच्या डॉक्टर बाईंनी आत नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाठी आहेत. काढाव्या लागतील. तुमचं काम दिवसभर बोलायचं आहे का?"

"घरचंच बोलते," ताई म्हणाली. "फक्त सगळं दोनदा."

ऑपरेशन सोपं होतं. पथ्य अवघड होतं. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं त्याहून वाईट. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल. डॉक्टरांनी हे दादासमोर सांगितलं आणि दादाने इतक्या गंभीरपणे मान हलवली, जणू गाठी त्यालाच झाल्या होत्या.

ताई एक पाटी आणि खडू घेऊन काउंटरवर परतली. पहिले चार दिवस दोघंही भाऊ हाताने खुणा करत होते, जणू तिचे कानही कापून काढले होते. पाचव्या दिवशी एक बसचालक आला. आदल्याच दिवशी त्याने नवा चष्मा नेला होता. "डाव्या डोळ्याने बघितलं की रस्ता एका बाजूला कललेला दिसतो," तो म्हणाला. "माझ्या गाडीत चाळीस माणसं असतात हो!"

दादाने चष्मा यंत्राखाली धरला. तिरपा नंबर असलेली काच फ्रेममध्ये दहा अंशांनी फिरून बसली होती. त्याचा पारा चढला. सवयीने तो ताईकडे वळला, "त्याला सांग..." ताईने गळ्यावर हात ठेवला. आत यंत्र घरघरत होतं. बसचालक एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत उभा. पाटीवर लिहून दाखवण्याइतका दादाला दम नव्हता. तो उठला, चार पावलं चालला आणि खिडकीत डोकं घालून ओरडला, "मी नव्वद लिहिलं होतं!"

यंत्र थांबलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलेल्या त्या वाक्यावर धाकटा काय म्हणणार, याकडे ताईचे कान लागले.

"शंभर लिहिलंयस," धाकटा म्हणाला. "ही बघ चिठ्ठी."

दोन डोकी एका चिठ्ठीवर वाकली. शंभरच होतं. दादाच चुकला होता. "मग म्हातारा झालो," तो पुटपुटला. धाकटा म्हणाला, "डोळे तपासून घे कुणाकडून तरी." आणि बसचालकासकट तिघं हसले.

ताई आत जाऊन नळ सोडून रडली. आनंदाने रडली, खोटं कशाला बोला. बाहेर आली तेव्हा दोघं काचांच्या नव्या मालाबद्दल बोलत होते आणि तिच्या लक्षात आलं की आनंदाला फार तर पाच मिनिटं झाली आहेत आणि आपण पुढचे दिवस मोजायला लागलो आहोत. आज काचा, उद्या फ्रेमा, परवा आई. आणि आईचा विषय निघाला की त्या दोन माफ्या समोरासमोर येणार.

तेव्हापासून ती पहारा करायला लागली. दोघं बोलताना कुणी जरा जास्त वेळ थांबलं, कुणाचा आवाज मऊ झाला, की ही मध्ये ट्रे सरकवायची. दोनदा तिने सगळं खरं पाटीवर लिहिलं. एकदा दादासाठी, एकदा धाकट्यासाठी. दोन्ही वेळा पुसून टाकलं. एवढीशी पाटी, त्यावर अकरा वर्षं मावणार कशी? लिहिलं की ते नुसतं 'मी खोटं बोलले' एवढंच दिसायचं.

तिसऱ्या आठवड्यात दादाने धाकट्याला वर जेवायला बोलावलं. वहिनीने ठेवणीतली ताटं काढली. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. जेवण झालं. दादाच्या चेहऱ्यावर उदारपणा ओसंडत होता. त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. ताई भांडी उचलायला उठली, पण दादाने तिला खूण केली, बस.

"जाऊ दे रे सगळं," दादा म्हणाला. "तू तेव्हा माफी मागितलीस ना, त्याच दिवशी माझ्या मनातून सगळं गेलं होतं."

"मी?" धाकटा म्हणाला. "मी कशाला माफी मागेन? तू मागितलीस."

"मी मागितली? कुणाकडे?"

"ताईजवळ बोललास ना! कळवायला हवं होतं म्हणालास."

"मी असं जन्मात म्हटलेलं नाही. रडलास तू. ताईजवळ."

बोलता बोलता दोघांचे आवाज खाली आले. मग दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. वहिनीनेही पाहिलं. ताईने पाटी ओढली आणि घाईघाईने लिहिलं, 'तुम्ही तुटू नये म्हणून.' धाकट्याने पाटी तिच्या हातून घेतली. त्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, शाळेत सोडलं होतं, त्याच्या वाटच्या शिव्या अकरा वर्षं गिळल्या होत्या. त्याने पाटी न वाचताच बाहीने पुसली.

"दहा वर्षं, ताई," तो म्हणाला. "दहा वर्षं मी वाट बघत होतो, हा येऊन एकदा तोंडाने म्हणेल म्हणून."

"आणि मी काय करत होतो?" दादा म्हणाला.

ताईला राहवलं नाही. आवाज जायचा तर जाऊ दे, असं ठरवून तिने तोंड उघडलं. 'त्याआधीचं वर्ष आठवतं का? वाटणी कोण मागत होतं?' एवढंच तिला विचारायचं होतं.

"बोलू नकोस," दादा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याने बोट वर केलं होतं. त्या बोटात काळजी किती आणि दुसरं काय किती, हे तिला पुरतं कळलं. तिने तोंड मिटलं.

मग तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलणं झालं. वहिनी म्हणाली, "मला आधीपासूनच वाटायचं. यांना मधे राहायला आवडतं." दादा म्हणाला की हिच्यामुळे आपलं आयुष्य नासलं. धाकटा म्हणाला की दोघांनाही हिने झुलवत ठेवलं. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करत होता, इतकी दोघांची मनं जुळली. आईला न कळवणारा आणि भरल्या घरात तोंड सोडणारा, दोघंही निर्दोष सुटले. खापर फोडायला घरातलंच डोकं मिळालं की नाती फार लवकर सुधारतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. दोघांच्या समेटात तिसऱ्याचं काय होतं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

शेवटी दादाने निकाल दिला, "यापुढे पदरचं काही घालायचं नाही. कुणी काही सांगितलं तर तेवढंच आणि जसंच्या तसं. कळलं?"

ताईने मान हलवली. दुसरं ती काही करूच शकत नव्हती.

उरलेले दिवस ती काउंटरवर बसून राहिली. बोलणं आता तिच्या डोक्यावरून, खिडकीतून थेट जायचं. "ताई, जरा सरक," एवढंच तिच्या वाट्याला. ती सरकायची. चहा दोघांचा एकत्र व्हायला लागला. तिचा कप वहिनी काउंटरवर ठेवून जायची, बऱ्याचदा गार झालेला. महिना संपला तेव्हा डॉक्टरांकडे ती एकटीच गेली.

"बोला," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"काय बोलू?" ताई म्हणाली.

"हेच. छान आलाय आवाज." त्यांना खरंच आनंद झाला होता. "आता जपून वापरा. ओरडायचं नाही. गरजेपुरतंच बोला. आणि लोकांसाठी घसा खरवडत बसू नका."

घरी येऊन तिने वहिनीला सांगितलं, "आवाज आला." वहिनी म्हणाली, "बरं झालं." आणि त्या दिवशी तिच्याशी कुणी दुसरं काही बोललं नाही.

भावांचं प्रेम त्यानंतर नऊ दिवस टिकलं. दादाच्या मनात आलं की मधली भिंत काढून टाकावी, दुकान मोठं दिसेल. धाकटा म्हणाला, काच घासताना भुकटी उडते, ती गिऱ्हाइकांच्या नाकात जाईल. दादा म्हणाला, ठरलं म्हणजे ठरलं. धाकटा म्हणाला, "तू कायम एकट्यानेच ठरवतोस. आईच्या वेळेलाही तूच ठरवलंस." दादाने हातातली चाचणीची काच खाली ठेवली. खिडकीचं झाकण आतून धाडकन बंद झालं. आता मध्ये कुणी नव्हतं आणि खोटं बोलायलाही कुणी नव्हतं. जे होतं ते सगळं त्या दोघांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ताईच्या काउंटरशी येऊन उभा राहिला. तिच्याकडे न बघता त्याने चिठ्ठी पुढे केली.

"त्याला सांग," तो म्हणाला, "स्वतःला मोठा कारागीर समजतो, पण आईने लाडावून ठेवलेला आयतोबा आहे. तिच्या आजारपणात एक रात्र जागला नाही आणि मला शिकवतो. सांग त्याला."

ताई उठली. तिने खिडकीचं झाकण बाजूला सारलं. यंत्र चालू होतं. ती काही ओरडली नाही. धाकट्याला यंत्र थांबवायची खूण केली आणि ते पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिली. मग नव्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "दादा म्हणतोय, स्वतःला मोठा कारागीर समजतो, पण आईने लाडावून ठेवलेला आयतोबा आहे. तिच्या आजारपणात एक रात्र जागला नाही आणि मला शिकवतो."

धाकट्याच्या हातातली काच तशीच राहिली. इतकी वर्षं त्याला माहीत होतं की दादा रागावलेला आहे. दादा नेमकं काय म्हणतो, ते त्याने आज ऐकलं.

"त्याला सांग," तो म्हणाला. काच खाली ठेवली. "त्याला सांग, जागून काय दिवे लावले? उशाशी तूच होतास ना? मग तुझ्या हातात गेली ती."

ताई वळली. दादा तपासणीच्या खुर्चीत बसला होता, जिथे गिऱ्हाईक बसतं. तिने सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही, एक घातलं नाही.

"असं म्हणाला?" दादाने विचारलं. "याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

दुपारपर्यंत तिने सहा वेळा निरोप पोचवले. दादा थांबेना, धाकटा थांबेना. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जड धोंडा शोधून आणत होता, आणि ताई हमालासारखी तो उचलून पलीकडे ठेवत होती. तिला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण त्याच्याखाली कुठेतरी बरंही वाटत होतं, आणि ते ती स्वतःपासून लपवत नव्हती. शेवटी दोघांजवळचे शब्द संपले. दादाने संध्याकाळचं गिऱ्हाईक उद्यावर ढकललं. धाकट्याने यंत्रावर कापड टाकलं.

दुकान बंद करायच्या वेळी ती ट्रे गोळा करायला खिडकीशी गेली. धाकटा पाठमोरा उभा राहून हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत होता.

"दादाने ब्लडप्रेशरची गोळी घेतली का गं?" तो म्हणाला. "दुपारी विसरतो तो. चेहरा लाल झाला होता, मी बघितलं."

ताईने ट्रे एकात एक ठेवले. 'त्याला सांग' असं काही तो म्हणाला नव्हता.

पुढच्या खोलीत दादा अजून त्याच खुर्चीत होता. समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता. तिच्या पावलांचा आवाज आला तशी त्याने मान वर केली. शेवटची ओळ दिसत नसलेलं गिऱ्हाईक जसं बघतं, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"अजून काही म्हणाला का तो?" त्याने विचारलं. मग घसा खाकरून पुन्हा विचारलं, "म्हणजे... दुसरं काही?"

ताईने तक्त्यामागचा दिवा बंद केला.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."